वाघजाईच्या राईचा डावा कौल

मी, धोंडू रावजी गुरव, वय वर्षे अदुसष्ट, धंदा वाघजाईची पूजाअर्चा, राहणार मौजे आडेकोंड, पेटा गुहागर, जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्या भिडेस अगर धाकास न पडता, माझ्या हाताने लिहीत आहे. दुसऱ्याकडून लिहवून घेतले नाही, कारण लिहिणारा काय लिहील याचा भरवसा काय? वैद्य म्हणाले, “धोंडबा, पावसाळा जड जाईल.” त्यांच्या औषधाचा दोन महिने गुण नाही, पण हे बोलणे मात्र खरे धरतो.

१. राहते घर व मागचे परसू मुलगा रघू यास द्यावे. रघू मुंबईस गिरणीत आहे. दर पत्रात लिहितो, “घराची काळजी वाटते.” चार वर्षांत घर शाकारायला आला नाही, त्याला काळजी घराची की घराच्या किमतीची? म्हणून अट घालतो, की घर विकू नये.

२. मुलगी राही हिला तांब्याचा हंडा व तिच्या आईच्या चांदीच्या तोरड्या द्याव्यात. हंड्याला पोचा आहे. तो चुलतभाऊ आप्पाने पाडला असे मी वीस वर्षे सांगत आलो. तो माझ्याच हातून पडला होता. तरी आप्पाच्या बाजूचा हद्दीचा दगड दर पावसाळ्यात हातभर माझ्याकडे सरकतो, हे खोटे नाही. दगडाला पाय नसतात. रघूने दगड मोजून घ्यावा.

३. आता राईचे. राई वाघजाईची, माझी नव्हे, तेव्हा ती कोणाला देण्याचा मला अधिकार नाही. पण तिचे लिहिल्यावाचून हा कागद पुरा होत नाही.

डोंगरावर राई, तिच्या मुळाशी झरा, आणि झऱ्याचे पाणी पाटाने गावच्या साऱ्या पोफळीच्या बागांना. आठ वर्षांमागे माझ्या बहिणीचा मुलगा भिकाजी याने गावात राई-राखण मंडळी काढली. खाड्या ओलांडून, पायपीट करून त्याने रत्नागिरीस तीन खेपा घातल्या आणि जिल्हा लोकल बोर्डाची ग्रँट मंजूर करून आणली. त्या पैशातून राईभोवती चिऱ्यांचा गडगा घालायचा, म्हणजे गुरे व कोळसेवाले आत शिरणार नाहीत. अट एवढीच, की मंडळी सरकारात नोंदवायची.

माझे मन घेईना. सरकार मूठ उघडते ते कशाला? आज गडग्याला पैसे देतील, उद्या गडग्याच्या आतले आमचे म्हणतील. आयत्या बिळावर नागोबा! शिवाय त्याच महिन्यात भिकाजीने नवी छत्री घेतली. कोठून घेतली? मी कोणाला विचारले नाही, मनातच ठरवून टाकले. त्याच्या बायकोने, जनीने, लोकांच्या सुपाऱ्या सोलून ती घेऊन दिली होती, हे पुष्कळ मागाहून कळले.

राईतले वाळके पान हलवायचे तरी गाव कौल घेतो. देवीच्या पाषाणाला दोन्ही अंगांस तगरीच्या कळ्या पाण्याने चिकटवायच्या. आधी उजवी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. कळ्या लावायचा मान माझ्या घराण्याचा.

त्या चैत्रात गडग्याच्या कौलाला मी उजव्या कळ्यांना पाण्याऐवजी फणसाचा चीक लावला.

डावी पडली. भिकाजी उठून म्हणाला, “मामा, पुन्ना लावा.” मी भर देवळात ओरडलो, “देवीला तुझ्या पोटातले पाप दिसले!” ग्रँट परत गेली. गावाने त्याच्याशी बोलणे टाकले, आणि आठ वर्षे तो देवळाची पायरी चढलेला नाही. मी मात्र रोज चढतो, त्याच हातांनी पूजा करतो.

गडगा झाला नाही. दोन वर्षांत कोळसेवाले वरच्या अंगाने शिरले, तिथे आता नुसते खुंट आहेत. मिरगापर्यंत वाहणारा झरा होळीलाच आटतो. गंगाबाईची पोफळीची बाग उभी वाळली. ती बाई मलाच हात जोडून म्हणते, “देवीची मर्जी, गुरवानु.” माझ्याने ते ऐकवत नाही.

४. भिकाजीने यंदा पुन्हा अर्ज केला, आणि बोर्डाचे पत्र आले आहे. दसऱ्याला कौल लागेल. त्याआधी तिसरे कलम देवळात मोठ्याने वाचावे. तोवर मी उरलो तर मीच वाचीन. आज गावासमोर बोलायची माझी छाती होत नाही, हे कबूल करतो. कळ्या लावायचा मान त्या दिवशी भिकाजीला द्यावा. रघूने आडवे येऊ नये. कळ्या झऱ्याच्या पाण्यानेच लावाव्यात, आणि कौल पडेल तो सर्वांनी मानावा.

५. उजवा कौल झाला तरी डोळे मिटून चालू नये. “जमीन वाघजाईची” हे शब्द कागदात पहिले घालावेत. गडग्याचे माप चौघांसमक्ष व्हावे. मोजायला येणाऱ्या साहेबाला फणस देऊ नये, मागच्याने तीन नेले. न वाचता कोणी कशावर सही करू नये, आंगठा देऊ नये. जो देईल त्याने माझ्या तेराव्याला जेवू नये.

येणेप्रमाणे लिहून दिले, ते माझ्या राजीखुशीचे आहे. मुक्काम आडेकोंड, चैत्र शुद्ध दशमी, शके १८५७, ता. १३ एप्रिल सन १९३५.

सही: धोंडू रावजी गुरव, दस्तुर खुद्द

साक्षीदार:
१. केरू घाणेकर
२. भिकाजी सखाराम गुरव

ताजा कलम: दुसरा साक्षीदार मी मुद्दाम बोलावला. मजकूर घडीत ठेवून सहीपुरती जागा उघडी केली होती. आला, तो अंगणातच उभा राहिला. मी घडी उलगडून पुढे केली व म्हटले, “भिकाजी, आधी वाच.” तो म्हणाला, “तुमी लिवलंय ना, मामा? मग झाला.” आणि सही करून गेला. न वाचता सही करू नये, असे मी वर लिहिलेच आहे. ते त्याला न सांगता मी कागदाची घडी पुन्हा घातली.