आगाशीच्या रस्त्याचं वळण

आगाशी,
३ जानेवारी

प्रिय प्रिन्सी,

पत्र तुझ्या हॉस्पिटलच्या पत्त्यावर आलं म्हणून दचकू नकोस, तुझ्या माहेरी सगळ्यांच्या तब्येती ठीक आहेत. फोन करता आला असता. पण या वर्षात फोनवरचा माझा विश्वास उडाला, आणि खरं सांगायचं तर माणसांवरचाही. गॉडफ्रेने तुला काही कळवलं असेल असं वाटत नाही. तुझा भाऊ स्वतःबद्दल बोलणाऱ्यातला नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते.

मागच्या जानेवारीत नव्या विकास आराखड्यात आमच्या वाड्यांमधून साठ फुटी रस्ता निघाला. चाफा, केळी, पानवेली, गोड्या पाण्याची चार बावखलं, सगळ्यांवरून सरळ रेघ. आपण दोघी ज्यात पोहायला शिकलो ती बावखलं बुजवली तर पावसाचं पाणी घरात शिरणार, हे सांगायला इंजिनियर लागत नाही. लगेच समिती झाली. सुधाकर सर अध्यक्ष, गॉडफ्रे सचिव, पत्रकं लिहायला शाळेतली बाई म्हणून मी, शिवाय मनोरमाताई आणि वकील हर्षवर्धन. सव्वीस जानेवारीला मानवी साखळी केली. तुझी आई खुर्ची टाकून साखळीत बसली होती, एक हात माझ्या हातात, दुसरा अर्नाळ्याच्या एका मासळीवालीच्या. त्या दिवशी वाटलं, आता कोणाची हिंमत होणार नाही.

मग एकेक विचित्र गोष्टी घडू लागल्या. मार्चमध्ये मोजणीवाल्यांना सकाळी आठला अडवायचं ठरवलं, तर ते सहालाच मोजणी आटपून गेले. जूनमध्ये आमचं पत्रक छापून यायच्या आधी आम्हा पाचही जणांच्या नावाने पोलिसांची नोटीस हजर. ऑगस्टमध्ये तीन दिवस पाणी तुंबलं, लोक चिडले, विरारला मोर्चा निघाला. आयत्या वेळी कुठल्या चौकात बसायचं हे फक्त आम्हा पाच जणांना ठाऊक होतं. आम्ही पोचलो तेव्हा नेमक्या त्याच चौकात बॅरिकेड लावून पोलीस उभे. त्यातला एक मला म्हणाला, “या बाई, उशीर केलात.”

त्यानंतर बैठकीला बसताना सगळ्यांचे फोन पोळ्यांच्या डब्यात घालून दूर ठेवायचो. तरीही बातमी जायचीच. मग आम्ही एकमेकांची तोंडं वाचू लागलो. कोण लवकर उठला, कोणी नजर चुकवली, कोणाच्या दारात नवी गाडी आली. मनोरमाताई लघवीला उठल्या तरी सर दाराकडे बघत राहायचे. हसू नकोस, मीही बघायचे.

सप्टेंबरमध्ये मी कामासाठी नायगावला गेले होते. तिथे त्याच बिल्डरच्या ऑफिसातून गॉडफ्रे बाहेर पडताना दिसला, ज्याची जमीन या रस्त्याला लागून आहे. हातात फाईल होती. मी हाक मारली नाही. सरळ सरांकडे गेले आणि पाहिलं ते सांगितलं. प्रिन्सी, हे मी केलं, दुसऱ्या कोणी नाही.

रविवारी मिस्सानंतर चर्चच्या हॉलमध्ये बैठक झाली. गॉडफ्रे म्हणाला, “पोराचं, क्लेटनचं लग्न ठरतंय, त्याच्यासाठी फ्लॅट बघायला गेलेलो. सगळं नायगाव तिथंच फ्लॅट घेतंय.” सरांनी नकारार्थी मान हलवली. त्याने माझ्याकडे वळून विचारलं, “सलोनी, तुलापण तसंच वाटतं?” मी खाली बघितलं. त्याने समितीचं रजिस्टर टेबलावर ठेवलं, खिशातून शिक्का काढून त्यावर ठेवला आणि निघून गेला. क्लेटनला मी पाळण्यात पाहिलंय, त्याचं लग्न ठरतंय हेही मला माहीत होतं.

गॉडफ्रे गेल्यावरही बातम्या फुटतच राहिल्या. ऑक्टोबरचं उपोषण सुरू व्हायच्या आधीच वसईत आमचा मांडव काढायला माणसं आली. तरी आम्ही स्वतःला समजावलं, तो अजून कोणाकडून तरी काढून घेत असेल. एकदा शंका घेतली की ती मागे घेणं किती जड जातं, ते मला तेव्हा कळलं.

डिसेंबरमध्ये सुधारित नकाशा लागला. मी तो बघून घरी आले. माझे सासरे, नाना, ओटीवर चहा पीत होते. मी एवढंच म्हटलं, “रस्ता बदलला.” ते बशी खाली न ठेवता म्हणाले, “हो, आपल्या विहिरीच्या अलीकडं वळवलाय.” नकाशा सकाळीच लागला होता आणि नाना आठवडाभर घराबाहेर पडले नव्हते.  वर्षभर रोज चहाच्या वेळी ते विचारायचे, “उद्या काय ठरलंय गं तुमचं?” आणि मी कौतुकाने सगळं सांगायचे. त्या दिवशी मी विचारलं, “नाना, तुम्ही?” ते शांतपणे म्हणाले, “बातम्या दिल्या, माझी वाडी वाचवली. तुमच्या घोषणांनी वाचली असती का?” सुजयला सांगितलं, तर तो म्हणाला, “जाऊ दे ना, आता वाडी राहिली ना?” आपल्या नवऱ्याला हे आधीपासून माहीत होतं का, हे मला अजून कळलेलं नाही. विचारायची भीती वाटते.

मी गॉडफ्रेकडे दोनदा जाऊन आले. त्याने आतूनच “नंतर ये” म्हटलं, दार उघडलं नाही. त्याच्या जागी मीही उघडलं नसतं. पण तो नकाशा बघायला गेलेला नाही आणि दिवस थोडे उरलेत. प्रिन्सी, आमच्या विहिरीपाशी वळलेला रस्ता आता तुमच्या वाडीतून जातो. तुझ्या पप्पांचं बावखल आणि त्यामागचं घर, दोन्ही त्याखाली जातात. सातबाऱ्यावर गॉडफ्रेबरोबर तुझंही नाव आहे, म्हणजे तुलाही हरकत घेता येईल. मुदत वीस तारखेला संपते. आपल्यात काही उरलं नसेल तरी चालेल, पण त्याआधी ये. येत्या रविवारी मी त्याच हॉलमध्ये उभी राहून नानांचं नाव घेणार आहे. त्यानंतर या घरात मला जागा राहील की नाही, सांगता येत नाही. बातम्या कशा फुटल्या त्याचं प्रतिज्ञापत्र लिहून मी हर्षवर्धनकडे दिलंय. तुझ्या हरकतीला ते जोड. त्याखाली माझं नाव पूर्ण लिहिलंय, सासरच्या आडनावासकट.

तुझीच,
सलोनी