वकीलसाहेबांच्या कोटावर बसलेली खुडूक

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा दोन्ही हात जोडून साष्टांग नमस्कार. (एरवी एका हातात कात्री असते, आज मुद्दाम खाली ठेवली आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला गेला का? आम्ही इकडे सुखरूप आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात तू न विचारता, न सांगता टेम्पोवाल्याच्या हाती जी कोंबडी धाडलीस, तिने माझ्या शिवणाच्या दुकानाची काय दशा केली ते वाच आणि मग बोल. अगं, भेट पाठवावी तर चादर पाठवावी, छत्री पाठवावी. खुडूक कोंबडी कोण पाठवतं? आणि वर सोबत भुशात गुंडाळलेली अंडी! मी शिंपी आहे ताई, मला कोंबडीतलं फक्त पीस कळतं, तेही उशीत भरलेलं.

आमची ही निवृत्त झाल्यापासून घरात काय चाललं होतं ते तुला ठाऊक आहेच. सारी हयात तिने प्रसूतिगृहात काढली. सगळं गाव तिला सिस्टर म्हणायचं, मीही कधीकधी चुकून म्हणालो आहे. निवृत्तीनंतर सुरुवातीला ती ड्यूटीच्या वेळेलाच उठायची, आंघोळ करून केस घट्ट बांधायची आणि तयार होऊन दुकानातच खिडकीपाशी खुर्चीत बसायची. पुढे केस बांधणंही सुटलं. काही विचारावं तर ‘हूं’, वाढावं तर दोन घास. डॉक्टर म्हणाले, शरीराला काही झालेलं नाही, मन रमवा. ते कसं रमवतात हे मात्र त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं नाही. मी विनोद सांगून पाहिले. (माझेच होते, त्यामुळे दुखणं वाढलं.) खरं सांगतो, मला धास्ती वाटायला लागली होती की ही अशीच खुर्चीत बसून विझत जाईल आणि मी शेजारी काजं-बटणं करत बसेन.

अशात तुझी लाडकी आली. डालीचं झाकण काढल्याबरोबर ती अंगावरची सगळी पिसं फुलवून, घसा खाकरत, जागा भाड्याने घ्यायला आल्यासारखी दुकानभर फिरली आणि कापडांच्या टोपलीत शिरली. टोपलीत सगळ्यांत वर वकीलसाहेबांचा काळा कोट होता, बाह्या आखूड करायला आलेला. तिने तो पायांनी उकरला, चोचीने अस्तर ओढून पाहिलं (अस्तर चांगल्या प्रतीचं आहे, हे तिलाही कळलं) आणि बूड टेकलं. अंग तापलेलं, नजर ताठ, दाण्याकडे लक्ष नाही. मी हात घातला तर अशी टोचली की अंगुस्तान होतं तेवढं एक बोट वाचलं. कोंबडी मरायला टेकली म्हणून मी आरडाओरडा केला, तेव्हा कित्येक आठवड्यांनी खुर्चीतून एक सबंध वाक्य आलं. ‘मरायला नाही, अंडी उबवायला बसलीय ती. हलवू नका तिला.’

एवढं बोलून ही उठली, आणि ताई, त्या क्षणापासून माझ्या दुकानाचं प्रसूतिगृह झालं. गिऱ्हाइकांनी चपला बाहेर काढायच्या, मोठ्याने बोलायचं नाही, भेटायची वेळ फक्त संध्याकाळी. मशीन बंद. मी हाताने टाके घालत बसलो, आजोबांच्या काळात गेल्यासारखा. इथपर्यंत ठीक होतं. पण सिस्टरच ती! वॉर्डात जे येईल ते आधी निर्जंतुक व्हायचं, हा तिचा जन्माचा नेम. तिने तुझी सगळी अंडी जंतुनाशकाच्या पाण्यात बुचकळून, फडक्याने घासून, लखलखीत करून कोंबडीखाली ठेवली. मी कौतुकाने पाहत राहिलो, कारण हिचे हात पुन्हा भराभर चालताना पाहून मला दुसरं काही सुचतच नव्हतं.

आठवड्याने तिने एकेक अंडं मशीनच्या दिव्यासमोर धरून पाहिलं. आत लाल शिरा दिसायला हव्यात, म्हणे. एकातही काही नव्हतं. तिने अंडी परत ठेवली, हात धुतले आणि पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसली. तुला फोन केला तर तू आधी पोट धरून हसलीस आणि म्हणालीस, धुतलेल्या अंड्यातून फेस निघेल, पिल्लू नाही. अंड्यावर निसर्गाने दिलेला पापुद्रा असतो तो ही बया घासून बसली! मग म्हणालीस, दुसरी अंडी घाला, खुडूक आहे तोवर कोंबडी बसून राहील. मी हे सगळं हिला सांगितलं. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या दिवशी तुझ्या कोंबडीला मी मनातल्या मनात फार वाईट बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कापड बेतत होतो, तर दारात चपलांचा आवाज. पाहतो तर ही, केस घट्ट बांधून, हातात पिशवी घेऊन बाहेर निघालेली! निवृत्तीनंतर तिने उंबरा ओलांडला नव्हता. कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीवाल्याकडे कोंबड्या आहेत आणि कोंबडाही आहे, एवढं सांगून ती गेली. ‘बिचारी बसून आहे, तिचं बसणं फुकट जाता कामा नये,’ असं जाता जाता म्हणाली. ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत मी दारात उभा होतो, आणि कापड वेडंवाकडं कापलं गेलं. (ज्यांचं होतं त्यांना सांगितलं की हल्ली असाच कट चालतो.) अंधार पडल्यावर तिने नवी अंडी, न धुता, एकेक करून कोंबडीच्या पोटाखाली सरकवली.

वकीलसाहेबांचं काय, असं तू विचारशील. ते रोज कोट मागायला यायचे आणि कायद्याची भाषा करायचे. जुना कोट घालून कोर्टात उभे राहिले, तर भर युक्तिवादात बटण उडून कारकुनाच्या शाईत पडलं. पण हिने त्यांना चपला काढायला लावून टोपलीपाशी बसवलं, कोंबडी अंडी कशी उलटते ते दाखवलं आणि माणूस फितला. मग ते रोज कोर्ट सुटलं की ‘पक्षकार कसे आहेत’ म्हणून यायचे.

नव्या अंड्यांचे एकवीस दिवस भरले आणि टोपलीतून चिवचिव ऐकू यायला लागली. एकेक पिल्लू बाहेर पडत होतं, पण एका अंड्याला नुसती चीर गेलेली, पिल्लू बाहेर येईना. आता हिची परीक्षा! आयुष्यभर अडलेली बाळं सोडवलेली बाई. बोटं शिवशिवत होती. जरासं कवच सोलते म्हणून हात पुढे केला, तशी कोंबडीने खाडकन चोच मारली. हिने हात मागे घेतला, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली आणि हसायला लागली. मोठ्या डॉक्टरांनीही मला असं कधी झापलं नव्हतं, म्हणाली. ताई, ते हसू ऐकून मला रडू आलं, आणि वकीलसाहेबांनी ‘धूळ फार आहे हो’ म्हणून आपलेही डोळे पुसले. पिल्लू आपल्या सवडीने, सगळ्यांच्या मागून, ओलं आणि रागावलेलं बाहेर आलं. एक अंडं मात्र तसंच राहिलं. ते हिने फडक्यात गुंडाळून स्वतः अंगणात पुरलं, आणि येऊन सगळ्यांचा चहा टाकला.

आता कोंबडी पिल्लांना घेऊन दुकानात हिंडते. दाणा फोडून दाखवते, मांजर आलं तर अंगावर धावून जाते. पिल्लांना चकाकणारी प्रत्येक वस्तू खायची असते, म्हणून मी रोज सकाळी लोहचुंबक घेऊन टाचण्या वेचत फरशीवर रांगतो. शेजाऱ्यांच्या सुनेला दिवस गेले आहेत. ती हिच्याकडे विचारायला येते आणि ही तिला आधी कोंबडी दाखवते. घरात दिवसभर बोलणं चालू असतं, मला मध्ये शिरायला जागा मिळत नाही. तुझे उपकार मी कोणत्या जन्मी फेडू? तरीसुद्धा, न विचारता पाठवलीस याचा राग आहे तो आहेच.

तुझा,
धाकटा

ता. क. : कोंबडी परत न्यायला टेम्पोवाला येणार असेल तर त्याला वाटेतूनच वळव. ही देणार नाही, आणि मीही देणार नाही.

ता. ता. क. : वकीलसाहेबांनी कोट कोंबडीच्या नावे केला आहे. तरी दाजींच्या मापाचा एखादा जुना काळा कोट असेल तर पाठव. मी वकीलसाहेबांच्या मापाचा करून देईन.

वन्सं, पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलंय म्हणून हे चार शब्द माझे. तुमच्या भावाचा जन्म मशीनच्या खडखडाटात गेला, त्यांना हळू बोलता येत नाही. कोंबडी यायच्या आधी एकदा मागच्या खोलीत दार लावून ते तुम्हाला फोनवर म्हणाले, ‘ताई, ही घरात आहे पण नाही. तुझ्याकडे काही जिवंत असेल तर पाठव गं,’ ते मी खुर्चीत बसून शब्दन् शब्द ऐकलं. म्हणून तर डाल आली तेव्हा उठले. तुम्ही दोघांनी मला परत आणलंत. मला माहीत आहे हे त्यांना मात्र कळवू नका. तुम्ही न विचारता कोंबडी पाठवलीत असं ते मला कळू नये म्हणून पत्रातसुद्धा लिहितात, गल्लीभर तुमच्यावर रागावत हिंडतात, आणि रागावताना फार सुखात असतात.