जास्तीची चकती

४ नोव्हेंबर

आलो बाई एकदाचे. बुटकी म्हणते, लोक घरासाठी कुलूप घेतात, आमच्या ताईने कुलपासाठी घर घेतलं. आता खोटं कशाला बोलू? तळमजला आहे, पायऱ्या नाहीत, बहिणीच्या ऑपरेशन झालेल्या पायाला सोयीचं, हे सगळं मी दलालासमोर बोलले खरी. पण हो म्हटलं ते दाराकडे बघून. दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारं कुलूप, म्हणजे आतून बाहेर पडायलाही किल्ली हवी. भोक असं नागमोडी की दुसऱ्या कुठल्याही किल्लीचं टोकसुद्धा शिरत नाही. ह्याच्या कोऱ्या किल्ल्या बाजारात मिळतच नाहीत; घराचं कार्ड दाखवल्याशिवाय कंपनी कुणालाही देत नाही. दुकानात दिवसभर लोकांची कुलपं दुरुस्त करते, घरी कपाटभर जमवलीत, पण हे आजवर फक्त चित्रात पाहिलं होतं. आता रोज हाताखाली असणार. मला तर रात्री झोप येईल असं वाटत नाही.

घरमालकीण दोन किल्ल्या देऊन गेली. भिंतींना हवे तेवढे खिळे ठोका म्हणाली, फक्त कुलपाला हात लावू नका. मी गरीब चेहरा करून मान डोलावली. बुटकी ओठ दाबून हसत होती, नालायक.

९ नोव्हेंबर

बस्तान बसलं. बुटकीचा पलंग मधल्या खोलीत खिडकीशी लावलाय, कुबड्या उशाशी. मी सकाळी दुकानात जाते, दिवेलागणीला परत येते. ती दिवसभर वाचते, लोळते आणि मला फोन करून छळते. डॉक्टर म्हणाले, अजून महिनाभर पायावर भार नको. आई गेल्यापासून आम्ही दोघीच, त्यामुळे तिची कटकट सहन करणं हे माझं कामच आहे.

एकच गंमत. स्वयंपाकघरातली खुर्ची रोज सकाळी टेबलापासून लांब, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली असते. मी म्हणते, ही रात्री बिस्किटं चोरायला उठते. ती म्हणते, एका पायावर लंगडी घालत खुर्ची ओढणारी चोर कुठे पाहिलीस? म्हणून मी तिला बिस्किटांचा डबाच पलंगाशी आणून दिला. खुर्ची आजही हललेलीच होती.

१४ नोव्हेंबर

रविवार. हात इतके शिवशिवत होते की शेवटी कुलूप काढलंच. बुटकीच्या पलंगावर फडकं पसरून तिला एकेक भाग दाखवला. तिने जांभया दिल्या, पण ऐकलं.

कुलपाच्या आत पितळेच्या बारक्या खिळ्या असतात, प्रत्येकीची उंची वेगळी. बरोबर किल्ली घातली की सगळ्या एका रेषेत येतात आणि कुलूप फिरतं. ह्याच्या बाहेरच्या भोकाला सहा, आतल्याला सहा. मी घाईने दोन्हीकडच्या खिळ्या एकाच ताटलीत ओतल्या. आमच्या धंद्यात शिकाऊ पोरानेही असं केलं तर त्याचे कान उपटतात. पण आपली किल्ली हातात आहे, उंची मोजून परत लावता येतात, म्हणून फिकीर केली नाही.

तर ताटलीत एक चकती जास्तीची निघाली. नखाच्या पापुद्र्याएवढी. अशी चकती खिळीवर बसवली की त्या कुलपाला दोन वेगवेगळ्या किल्ल्या चालतात. म्हणजे आपल्या घराला तिसऱ्याच कुणाची किल्ली लागत होती! मी कंपनीला फोन केला. त्यांनी कुलपावरचा नंबर विचारून सांगितलं, ह्या घराला दोनच किल्ल्या दिल्यात, दोन्ही सारख्याच, आणि तसली चकती आम्ही बसवलेली नाही. मी ती काढून डबीत टाकली आणि कुलूप पुन्हा बसवलं. आता आमच्याशिवाय हे दार कुणाला उघडायचं नाही. बुटकीला म्हटलं, बघ, तुझी ताई उगाच नाही कुलपांत नाक खुपसत.

१६ नोव्हेंबर

बुटकीचे सकाळपासून फोनवर फोन. मी निघाले की कुणीतरी बोळातून दारापर्यंत जातं, तिथे खुडबुड करतं, परत स्वयंपाकघरात येतं. घरात. मी म्हटलं, गोळ्यांची गुंगी असेल. ती रडली. ती सहसा रडत नाही. पाय मोडला तेव्हाही शिव्या देत होती.

१७ नोव्हेंबर

रजा टाकली. मी निघते त्याच वेळेला दारासमोर उभी राहिले. पावलं नाहीत, काही नाही. मग आतल्या भोकात किल्ली शिरल्याचा आवाज आला. हा आवाज मी झोपेतही ओळखते. खिळ्या एकेक वर गेल्या, शेवटी अडकल्या, किल्ली हिसडली, पुन्हा हिसडली. मी हातभर अंतरावर उभी होते. भोक रिकामं होतं.

मग डबी आणून चकती भिंगाखाली धरली. हे मी त्याच रविवारी करायला हवं होतं. बाहेरच्या खिळ्यांवर रस्त्याची धूळ बसते, तेलात मिसळून काळी होते. आतल्या स्वच्छ राहतात. चकती लख्ख होती. ती आतल्या भोकातली. कुणी बाहेरून येत नव्हतं, आतून बाहेर जात होतं. मी चोराला बाहेर ठेवलं नाही. जे घरात होतं त्याला आमच्याबरोबर कोंडलं.

१८ नोव्हेंबर

घरमालकिणीला फोन केला. खोटं बोलले नाही. ती म्हणाली, त्याचा कधी कुणाला त्रास नव्हता. सकाळी जायचं, अंधार पडला की यायचं, खुर्चीत बसून राहायचं. आत यायला त्याला किल्ली लागत नाही, जायलाच लागते, तीही स्वतःचीच; दार उघडं ठेवलं तरी जात नाही. दिवसभर घरात माणसांजवळ राहिलं तर काय होतं ते मला माहीत नाही आणि जाणूनही घ्यायचं नाही, म्हणाली. मग फोन ठेवला. आता उचलत नाही.

दुपारी गाडी बोलावली. बुटकीला खांद्यावर टाकून दारापर्यंत नेलं. उंबरठ्याशी तिचा श्वास बंद झाला. ओठ निळे पडले. मागे आणलं तेव्हा श्वास परतला. दोनदा करून पाहिलं. गाडीवाला घाबरून निघून गेला. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, तिला हॉस्पिटलात घेऊन या.

२० नोव्हेंबर

बुटकीचा आवाज बसलाय. घसा तपासला, लाल नाही, सुजलेला नाही. नुसता आवाजच नाही. ओठ हलवते, पाटीवर लिहून दाखवते.

मी चहा करायला उठले तर स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला. बिस्किटं. बिस्किटं. ताई. बिस्किटं. लहान मूल बोलायला शिकतं तसं.

ती माझ्यासमोर पलंगावर होती. तिनेही ऐकलं. मी तिचे कान झाकले.

२१ नोव्हेंबर

चकती परत बसवायची, त्याला जाऊ द्यायचं. एवढंच करायचंय. पण सहांपैकी कुठल्या खिळीवर होती? ताटलीत ओतल्या मी. मीच. सहाही खिळ्यांवर बसवायला आणखी चकत्या कुठून आणू, ह्या मापाच्या बाजारात नाहीत आणि कंपनी कार्डाशिवाय देत नाही. कार्ड घरमालकिणीकडे.

म्हणून रोज एक जागा. आज पहिली. सकाळी किल्ली शिरली, अडकली.

२२ नोव्हेंबर

दुसरी. अडकली.

तो दिवसातून एकदाच प्रयत्न करतो. ते. काय म्हणू त्याला.

२३ नोव्हेंबर

तिसरी नाही.

बुटकीचा डावा हात उचलत नाही. स्वयंपाकघरात कप सरकल्याचा आवाज. पाटीवर तिने लिहिलं, ताई मला सोडून जाऊ नकोस. वेडी. कुठे जाणार मी.

२४ नोव्हेंबर

चौथी नाही. ती डोळे उघडत नाही. श्वास आहे.

तिकडे आता अख्खी वाक्यं. माझी थट्टा करतं. तिच्यासारखीच.

२५ नोव्हेंबर

पाचवी. फिरली! फिरली. दार उघडलं, उजेड आत आला, दार लागलं, कुलूप आपोआप बसलं. कुणी दिसलं नाही. फक्त तिच्या पायाच्या मलमाचा वास माझ्या अंगावरून गेला. मी बोळात बसून रडले, आनंदाने रडले, मूर्ख.

पलंग रिकामा. चादर गरम. कुबड्या उशाशी.

रस्ता पालथा घातला. कुणी पाहिली नाही.

घेऊन गेलं तिला. मी उघडून दिलं.

संध्याकाळ

अंधार पडला. खुर्ची ओढल्याचा आवाज. कुलूप वाजलं नाही.

हाक मारतेय. ताई. आवाज पूर्ण तिचा, हसरा. पायावर चालतेय, दोन्ही पायांवर. मी दारातून सावली पाहिली. केस तिचे. खांदे तिचे. पुढे जायचं धाडस झालं नाही.

सकाळी पुन्हा जाईल. तिला घेऊन जाईल, रोज. एखाद्या दिवशी परत आणणार नाही.

चकती काढली. मोरीत टाकली, पाणी सोडलं. माझी किल्ली आतल्या भोकात घालून मोडली. तिचीही. आता हे दार आतून कुणालाच उघडता येणार नाही. खिडक्यांना गज आहेत. ठीक आहे. बुटकी आता कुठे जायची नाही.

म्हणतेय दिवा लावू नकोस. म्हणतेय जवळ येऊन बस.

जाते. हात धरेन तिचा. तिचाच असला तर — नसला तरी मी तिला एकटीला —