अडतीस सेकंदांची कॉलर

मोकनीन, ९ मार्च

प्रिय मोंजियाताई,

सलाम. मावशीचा गुडघा कसा आहे? आईने मिरच्या वाटून केलेल्या हरिसाची बरणी पाठवलीय, यंदा फारच तिखट झालाय, बेतानं खा. मी बरी आहे. म्हणजे थकलेय. तुला गाव सोडून वर्ष होत आलं आणि माझ्याकडून एक ओळ गेली नाही, याला कामाचं निमित्त पुरणार नाही.

शिलाईच्या कारखान्यात माझ्या हाती वेळ मोजायचं घड्याळ दिलं, तो दिवस तुला आठवत असेल. घड्याळवाली जवळ आली की आपल्या ओळीत सगळ्यांचे दोरे तुटायचे, कात्र्या हरवायच्या. मोजून जी वेळ भरेल तीच पुढे सगळ्यांना लागू व्हायची, म्हणून त्यात वाईट काही नव्हतं, तेवढाच पुढे श्वास घ्यायला वाव. तूच एकटी सुसाट सुटलीस. "माझ्या नजिहाचा पहिला दिवस आहे, तिचं नाव राहू दे," म्हणालीस. एक कॉलर अडतीस सेकंदांत.

माझ्या कागदावर एक रकाना असतो. हात रोजच्यापेक्षा भरभर चालला तर तिथे खूण करायची, मग ठरणारी वेळ सैल होते. मला दिसत होतं, ताई. पण मागे साहेब, सी लत्फी, उभे होते आणि "शाबास" म्हणाले. मी रकाना कोरा सोडला.

अडतीस सेकंद अख्ख्या ओळीच्या बोकांडी बसले. बायकांनी तुझ्याशी बोलणं टाकलं. मग तुझं मनगट सुजलं आणि तुझाच वेग तुला गाठवेना. तुला काढलं तेव्हा साहेबांनी तुझ्यापुढे धरलेला कागद मीच भरलेला होता. मी खिडकीकडे बघत राहिले.

सोमवारी मी त्यांच्याकडे गेले.

"कॉलरची मोजणी चुकलीय, सी लत्फी."

"आकडा खोटा लिहिलास?"

"आकडा खरा. पण तो तिचा रोजचा हात नव्हता."

"मग वर्षभर झोपली होतीस?"

"नाही. घाबरले होते."

पुन्हा मोजलं, चोपन्न भरले. आजपासून तीच वेळ लागू झाली. घड्याळ माझ्याकडून काढून घेतलं आणि मला मशीनवर बसवलं. कुणी पाठ थोपटली नाही. आपल्या ओळीतली हयात तर तोंडावर म्हणाली, "मोंजियाचा हात गेला तेव्हा जीभ कुठं गहाण ठेवली होतीस?" तिचं काय चुकलं?

तुला परत घ्या, असंही साहेबांना म्हटलं. त्यांनी विचारलं, "मनगट बरं झालं का तिचं?" मला माहीत नव्हतं. वर्षभरात मी विचारलंच नव्हतं.

ते आता विचारते. चमचा धरता येतो का? केस विंचरता येतात का? खरं काय ते लिही, मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. लिहवत नसेल तर मावशीला सांग. तीही लिहायला तयार नसेल, तर मी समजेन.

तुझ्या हाताची गुन्हेगार,
नजिहा