पडद्याबाहेरचा हात

रेल्वे चाळ, लोणावळे
ता. १४ मे १९४४, रविवार

ती. वन्सं,

पाया पडते. तुमचं कार्ड पोचलं. आत्याबाईंचा गुडघा अजून दुखतो हे वाचून वाईट वाटलं. निर्गुडीचा शेक सोडू नये. तांबडी व्याली आणि कालवड झाली हे चांगलं झालं. इथे ऊन कडक आहे, पण दिवस कलला की घाटाकडून वारा सुटतो. मुंबईची माणसं बंगल्यांतून राहायला आली आहेत, त्यामुळे गाड्यांना गर्दी फार. रेशनला या खेपेला तांदूळ बरा मिळाला, साखर मात्र नाहीच.

माझी प्रकृती ठीक आहे. नोकरी चालू आहे. आखाडात ह्यांच्या वर्षश्राद्धाला मी येणारच. त्यापुढचं तुम्ही विचारलं आहे, ते सवडीनं लिहीन. आत्याबाईंना व दत्तोबा भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

कस्तुरा

(दुसरा कागद)

वन्सं, पहिला कागद ओसरीवर सगळ्यांना वाचून दाखवा. हा तुमच्या एकटीचा आहे. ह्यांनी तुम्हाला अक्षरं शिकवली ती अशा वेळी उपयोगी पडावीत. सुटं आणि मोठं लिहिते आहे. दोन बैठकींत वाचलंत तरी चालेल.

भाऊजींनी तुम्हाला काय काय सांगितलं, ते मला ठाऊक नाही. जे सांगितलं नसेल ते माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते.

गेल्या नवरात्रात मला तिकिटाच्या खिडकीवर बसवलं हे तुम्हाला माहीत आहे. लढाईमुळे दोन बाबू भरती झाले, माणूस मिळेना, आणि हे याच स्टेशनात पार्सलला होते म्हणून स्टेशनमास्तर परेरा साहेबांनी माझं नाव वर कळवलं. सातवी पास म्हणून घेतलं. एवढं मी लिहिलं होतं. पहिल्याच सकाळी काय झालं ते लिहिलं नव्हतं.

पुण्याच्या गाडीला एक गृहस्थ आले. पैसे पुढे केले, माझ्याकडे पाहिलं, कपाळाकडे पाहिलं, आणि पैसे उचलून मागे झाले. "सकाळच्या पारी ह्येच दिसायचं व्हतं," असं म्हणाले. मागच्या चौघांनीही खिडकी सोडली. दुसऱ्या खिडकीला ही रांग आणि मी रिकामी. त्यातल्याच कुणी तरी साहेबांकडे तक्रार नेली.

परेरा साहेब गोव्याचे. त्यांना कळेचना. "तिकीट बरोबर दिला? सुट्टा बरोबर दिला? मग काय झाला?" तक्रारवाल्यानं अपशकुनाचं समजावून सांगितलं. साहेब म्हणाले, "गाडी लेट आली तर माझ्याकडे या. शकुन लेट आला तर मी काय करू?"

पण दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच. साहेबांनी मला बोलावलं. त्यांच्या बाहीवर अजून ह्यांच्यासाठी काळी पट्टी होती. म्हणाले, "बाय, तू काळा घाल ना. आमच्यात विधवा काळा घालते, लोक टोपी काढतात. आमच्यात पांढरा नवरी घालते. तुला बघून मला वाटतो, चर्चला चालली."  मला बोलता येतं कुठे लवकर. मग ते हळूच म्हणाले की खिडकीवर तिकिटं खपली नाहीत तर वरून माझं नाव काढतील, आणि त्यांच्या हातात काही राहणार नाही.

नाव काढलं की रेल्वेची ही खोलीही जाणार होती. मग गावी बेडशाला येऊन माजघरामागच्या त्या खोलीत राहायचं, जिथे तुम्ही सोळाव्या वर्षापासून राहता. तुमच्या सोबतीला मी नको म्हणत नाही, वन्सं. त्या खोलीला नको म्हणते. हे तुम्हाला तोंडानं कधी सांगता आलं नसतं.

बाबालाल मुलाणी म्हणून आमचे सांधेवाले आहेत, रुळांचे सांधे बदलणारे. ह्यांना खांदा दिला त्यांतले एक. ते दुसऱ्या दिवशी गोणपाट आणि चार खिळे घेऊन आले आणि खिडकीला आतून पडदा ठोकला. खाली हात जाईल एवढी फट ठेवली. "भाभी, आमच्यात नवरा गेल्यावर बाई चार महिने दहा दिवस परक्याच्या नजरेला पडत नाही. तुम्हाला लोकांसमोर बसवलं, आमचंच चुकलं." त्यांना वाटलं होतं की लोक माझी अदब राखून मागे सरतात. मी त्यांचा समज मोडला नाही.

पडद्यानं तोंड झाकलं, पण हात उरला. बांगड्यांवाचून ओका हात पाहूनही लोक घुटमळत. आमच्याकडे कमळाबाई म्हणून हमालीण आहे, लोहगडाखालच्या कोळ्यांची. बंगलेवाल्यांच्या ट्रंका डोक्यावर वाहते. ती एक दिवस आत आली, स्वतःच्या हातातल्या हिरव्या बांगड्या उतरवल्या आणि माझा उजवा हात धरला.

"घाल."

"कमळाबाई, अहो, आमच्यात—"

"तुमच्यात न्हाई, ठावं हाय. भायेर कुटं तू जातीस? भायेर निस्ता हात जातोय. आन् आमच्यात तर वरीस झालं की पाट लावत्यात. बगू का कुनी? त्यो वाघजाईचा नथू हाय, दोन म्हशी हायेत."

मी घातल्या, वन्सं. हेच तुमच्यापासून लपवलं होतं. उजव्या हातात बांगड्या, डावा मोकळा. सकाळी येऊन घालायच्या, ड्युटी संपली की उतरवून गल्ल्याशेजारी ठेवायच्या. पहिल्या दिवशी त्या वाजल्या तशी मी दोनदा मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून.

तुमच्या बांगड्या फोडल्या तेव्हा तुम्ही हात मागे लपवला होता, असं आत्याबाईंनी मला एकदा सांगितलं होतं. ते रोज आठवायचं.

आणि खिडकी चालली. फार चालली. गोणपाट पाहून लोकांनी ठरवूनच टाकलं की आत कोणी मुसलमान बाई गोशात बसली आहे. "बीबी, तळेगाव दो." "बीबी, जरा जल्दी." तुळशीचं लग्न झाल्यावर वऱ्हाडं यायला लागली, तीसुद्धा माझ्याच खिडकीला. ज्यांना माझं कपाळ पाहवत नव्हतं तीच माणसं त्याच हातातून तिकिटं घेत होती. एका नवरीच्या आईनं तर "बीबी, मुलीला दुवा द्या" म्हणून फटीतून लाडू सरकवला. मी तो बाबालालभाईंना दिला. ते म्हणाले, "दुवा तुम्ही द्या, लाडू मी खातो."

सगळे हसत. मीही हसत असे. पण घरी आल्यावर वाटायचं, मी कामावर असते की नसते? रोज तिथे जो हात बसतो तो माझा नव्हे.

आता भाऊजींचं.

मागच्या मंगळवारी दुपारी फटीतून पैसे आले आणि आवाज आला, "बीबी, कामशेत दोन टिकट देव." आवाज भाऊजींचा होता. बरोबर गावचे कोंडाजी पाटील होते. मी तिकिटांवर तारीख ठोकत होते आणि ते दोघे पडद्यापलीकडे बोलत होते.

"वैनीला आखाडात वरीसश्राद झालं की घरला न्याची," भाऊजी म्हणाले. "हितं परक्या मानसांत किती दिस ठिवायची? लोक इचारत्यात."

"आन् नोकरी?"

"बाईमानसाची कसली नोकरी. आलोय तर आत्ताच सायबाला सांगून जातो, तिचं नाव काडा म्हनून. दिरानं सांगितलं म्हंजी काडत्यातच."

वन्सं, ते रागानं बोलत नव्हते. काळजीनंच बोलत होते. म्हणूनच मला भीती वाटली. रागावलेलं माणूस उद्या विसरतं. काळजीनं सांगितलेलं साहेबांनी ऐकलं असतं, वरच्यांनीही ऐकलं असतं, आणि मला कुणी विचारलंही नसतं.

तिकिटं माझ्या हातात होती. गप्प राहून ती पुढे सरकवणं सोपं होतं. आजवर मी तेच केलं आहे. मी हात बाहेर काढला आणि म्हणाले, "भाऊजी, साहेब जेवायला गेलेत. जे सांगायचं ते मला सांगा."

 मग भाऊजींनी गोणपाटाची कड उचलली. माझ्याकडे पाहिलं, मग हाताकडे.

"वैनी? ह्या बांगड्या कुनाच्या?"

"कमळाबाईंच्या."

"कोन कमळाबाई?"

मागून कोणी तरी ओरडलं, "अवो पावनं, सोयरीक मागनं जुळवा, गाडी आली!" कोंडाजी पाटलांनी त्यांना ओढलं.

मी म्हणाले, "भाऊजी, माझं नाव काढायला सांगू नका. मला हे काम करायचं आहे." एवढंच. आवाज मोठा निघाला असावा, कारण दुसऱ्या खिडकीचा बाबू वळून पाहायला लागला. भाऊजींनी तिकिटं घेतली आणि गेले.

ती गाडी सुटल्यावर मी बांगड्या उतरवल्या. कमळाबाईंना दिल्या. "का गं, टोचत्यात व्हय?" म्हणाल्या. मी म्हटलं, "नाही. पण त्या तुमच्या आहेत." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा नथूचं नाव काढलं नाही.

मग मी स्टुलावर चढून गोणपाटाचे खिळे उपसू लागले. बाबालालभाई धावत आले. त्यांचा चेहरा पडला होता. "भाभी, मेरा कुछ चुकलं का?"

मी म्हटलं, "बाबालालभाई, तुमच्यातली मुदत कार्तिकातच संपली."

त्यांनी बोटांवर मोजलं. मोठ्यानं हसले. "खरंच की! मीच विसरलो." आणि वरचा खिळा त्यांनीच काढला.

तेव्हा मला फार मोकळं वाटलं, वन्सं. का ते नीट सांगता येत नाही. एकाच्यात दुःख चार महिने दहा दिवसांचं, एकीच्यात वर्षाचं, साहेबांच्यात काळं, आपल्यात पांढरं. आपलं तेवढंच खरं असं मी धरून चालले होते. ह्यांच्यासाठी मला वाटतं ते मात्र यांतल्या कशानं कमी झालं नाही आणि वाढलंही नाही. त्या रात्री मला शांत झोप लागली.

उघड्या खिडकीवर पहिला दिवस वाईट गेला, हेही सांगते. दुसऱ्या दिवशी वडगावचं वऱ्हाड आलं. वरमाईनं मला पाहिलं आणि तोंडावर पदर घेतला. "ह्या खिडकीला नगं, तिकडनं घ्या." तिकडे ही रांग. गाडी स्टेशनाबाहेरच्या आऊटर सिग्नलला येऊन उभी. त्यांच्यातली एक म्हातारी काठी टेकत पुढे आली, शालूबाई म्हणून हाका मारत होते तिला. कपाळ माझ्यासारखंच. वरमाईला म्हणाली, "आगं, गाडी चुकली तर मुहूर्त टळंल. त्यो शकुन लई ग्वाड लागंल का तुला? आन मला कशापाई बरुबर आनलंस मग? स्वयंपाकाला व्हय?" आणि मला म्हणाली, "पोरी, फाड तिकिटं. समद्या वऱ्हाडाची."

मी फाडली.  गर्दीत चढताना मागे वळून वरमाईनं एकदा पाहिलं, एवढंच.

तेव्हापासून काही जण दुसरीकडे जातात. जाऊ देत. बहुतेकांना गाडीची घाई असते.

परवा भाऊजी पुन्हा आले. यावेळी सरळ साहेबांच्या खोलीत गेले. मी खिडकीवर, आणि गल्ला दोनदा मोजून दोन्ही वेळा चुकवला. ते बाहेर आले तसे साहेबांनी मला बोलावलं.

"तुझा दीर आला होता. विचारतो, बाई काम कसा करते? मी बोललो, गल्ला बरोबर येतो आणि कुणाशी भांडत नाय. तो बोलला, घरी पण नाय भांडत, म्हणून आम्हाला वाटला तिला काय नको असतो."

वन्सं, हे भाऊजी म्हणाले! मी साहेबांना पुन्हा सांगायला लावलं.

नाव काढा असं काही भाऊजी म्हणाले नाहीत. साहेबांनी माझ्यासमोर वर पाठवायच्या कागदावर सही केली. लढाई संपेपर्यंत तरी मी आहे. त्यापुढचं त्यापुढे.

मी परत येऊन बसले तो भाऊजी माझ्याच खिडकीला रांगेत उभे. पुढे चार माणसं होती, पण वैनी म्हणून मधे घुसले नाहीत. नंबर आल्यावर कामशेतचं एक मागितलं. माझ्या ओक्या हातातून घेतलं, खिशात ठेवलं, आणि इकडे तिकडे बघत म्हणाले, "वैनी, आखाडात श्राद्धाला या. पर ऱ्हायचं म्हनाल तर जागा न्हाई. पावसाळ्याचं सरपन अन् गवऱ्या आवंदा त्या मागल्या खोलीत भरल्यात. पार आढ्यापातुर."

खरं का हो? आणि मग तुम्ही कुठे निजता? भाऊजी म्हणाले, ओसरीवर, वाऱ्याला, आणि हा उद्योग तुमचाच आहे. मी विचारलं, वन्संना कसं कळलं? तर म्हणाले, "म्या घरी गेल्या गेल्या तिलाच सांगितलं. तिनं कायबी इचारलं न्हाई. उठली अन् पदर खोचून गवऱ्या आत टाकाय लागली."

म्हणजे तुम्हाला हे ठाऊकच होतं, आणि कार्डात तुम्ही कालवडीचं लिहिलंत. तरी हे सगळं लिहिलं, कारण माझ्या तोंडून तुम्ही ऐकायला हवं होतं.

आखाडात भेटू. परतताना मी एकटी येणार नाही असं मनात धरलं आहे. चार दिवस माझ्याकडे राहायला चला. खोली लहान आहे, पण दार रस्त्यावर उघडतं.

ते सरपण कुणाला हलवू देऊ नका.

तुमची,
कस्तुरा