ताकतीचं इंजेक्शन

आत्याबाई, तुमचा लेक ऐन थंडीत सदरा काढून ओसरीवर बसला हाये आन सुपानं वारा घेऊन राह्यला. तुमाले देवाघरी जाऊन इतकी वरसं झाली, मी कवा दोन अक्षरं लिहिली नाही. चौथीपर्यंत शिकलेली बाई, लिहून लिहून काय लिहीन. पन हे शेजारनीले सांगता येत नाही, माह्या सुनेले सांगता येत नाही, आन नवरा माहा असला तरी लेक शेवटी तुमचा हाये.

त्याची लघवी अडकत होती. जालन्याच्या डॉक्टरनं तपासलं तं लघवीच्या पिशवीखालच्या गाठीत कॅन्सर निघाला. डॉक्टर आपल्या नातवाएवढा, पन बोलनं सरळ. म्हने, "बाबा, पुरुषाच्या अंगात जे हार्मोन असते ना, त्याच्यावरच हा आजार पोसतो. दर तीन महिन्यांनी इंजेक्शन घ्यायचं, ते हार्मोन बंद करायचं." तुमच्या लेकानं इचारलं, "मंग मी काय राहीन?" डॉक्टर म्हने, "जिवंत राहाल." मले तो पोरगा तवाच आवडला.

दोन इंजेक्शनं झाली आन सुरू झालं. बसल्या बसल्या भपकारे येतात, घाम सुटते, तोंड लाल होते. छाती सुजली, म्हून बाहेर जाताना सदऱ्यावरून उपरनं घेते. आन रडते, आत्याबाई. टीव्हीवरच्या सुनेले सासरा बोलला तं याच्या डोळ्याले पानी. तुमी माह्या अंगावर तांब्या फेकला होता, तवा हाच मानूस शेजारी जेवत होता. त्याचा घास थांबला नाही.

मले तुमची लय आठवन आली. माह्यी पाळी जायच्या टायमाले अशीच आग व्हाची. चुलीपुढं भाकरी थापता थापता जीव घाबरा होऊन मी उंबऱ्यावर येऊन बसली, तं तुमी म्हनल्या, "मोठी पाटलीन लागून गेली, वारा खाते. भाकर कोन पलटवन?" हे सारं बोलनं मी जपून ठेवलं होतं. तुमच्या लेकाले पहिला भपकारा आला तवा जसंच्या तसं त्याच्या पदरात टाकलं. तो मुकाट्यानं उठून पानी भराले गेला. मले बरं वाटलं. खोटं काऊन बोलू, चांगलं दोन दिवस बरं वाटलं.

पन मानसाची जात. पारावर त्यानं काय सांगितलं असन? "ताकतीचं इंजेक्शन घेऊन राह्यलो. शहरातलं हाये." घाम का येते, तं म्हने ताकत बाहेर येते. त्याचे दोन दोस्त, एक रिटायर लाइनमन आन दुसरा भजनात पेटी वाजवते तो, दोघंही याच्या लाल तोंडाकडं पाहून झुरू लागले. लाइनमन तं मले येऊन म्हने, "वहिनी, तुमचं नशीब." मी म्हनलं, "हाव, भाऊ. लयच."

तिसऱ्या इंजेक्शनची तारीख आली आन यानं फाइल गव्हाच्या कोठीत लपवली. म्हने, "नाही जात. मले बाई करून ठेवलं त्यानं." मी म्हनलं, "बाई व्हाले अक्कल लागते. चुकवलं तं आजार वाढन, डॉक्टरनं सांगितलं ना?" तो म्हने, "वाढू दे." आन मंग रडला. मले पहिल्यांदा भेव वाटलं. बोलून ऐकनारा मानूस नोहे तो, तुमीच असा वाढवला. म्हून मी त्या दोघांले सांगावा धाडला, उद्या इंजेक्शनले चाललो, तुमाले याचं असन तं या.

सकाळी दोघं धुतलेलं धोतर नेसून दारात. पेटीवाल्यानं तं मिशीले कलप लावलेला. आता नाही कोन म्हनन? फाइल गुपचूप कोठीतून निघाली, काळीपिवळी जीपमधी बसून जालन्याले पोचलो.

दवाखान्यात दोघं आपला नंबर लावाले उठले, तवा तुमच्या लेकानं लाइनमनचा हात धरला. "बस बे. ते ताकतीचं नोहे. हाये ते काढून घ्याचं हाये. कॅन्सर हाये मले."

लाइनमन परत खुर्चीत टेकला. मंग हळूच म्हने, "म्हंजे मेन लाइनच बंद?"

"बंद."

पेटीवाला एक खुर्ची सोडून बसला, जशी लागन होते. लाइनमन हालला नाही. तो म्हने, "मले बी लघवीले जोर करा लागते. कोनाले सांगितलं नाही." तुमच्या लेकानंच त्याले उठवून चिठ्ठी काढाले नेलं. मंग आपल्या हातानं सदरा वर करून पोटात सुई घेतली.

येताना गाडीत भपकारा आला. मी फाइलीनं वारा घातला. त्यानं इचारलं, "तुले बी असंच होत होतं काय?"

"दोन वरसं."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

मी म्हनलं, "कोनाले?"

आत्याबाई, पत्ता असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं. कारन 'तुले बी असंच होत होतं काय' असं त्यानं इचारलं, ते मले मंग जेवन जाऊ देईना. मी लग्न होऊन आली त्या साली तुमी हिवाळ्यात माठापाशी ओल्या जमिनीवर पडून राहाच्या, चोळीच्या गाठी सोडून. मी विहिरीवर बायांले सांगत होती, म्हातारी कामचुकार हाये. तुमी तवा म्हातारी नव्हत्या. मी इचारलं नाही.