वरच्या मजल्यावरची प्रगती

४ सप्टेंबर
वरच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये कुणीतरी राहायला आलं. संध्याकाळी सातला व्हायोलिन सुरू. वाजवणारी बाई आहे. हे खोकल्यावरून ओळखलं. नवशिकी. गंजलेली बिजागरी परवडली. पाच मिनिटांत माझं मत तयार. थोड्याच वेळात सेक्रेटरीच्या हातात लेखी तक्रार. दिरंगाई मला खपत नाही.

आमची ही मुलाकडे गेली आहे, हवापालटाला. मार्चपासून. तिला फोनवर सगळं सांगितलं. तिने विचारलं, शेवटपर्यंत ऐकलंत का? म्हटलं, गरज काय? म्हणाली, तेच तर. मग तिचं दूध उतू जायला लागलं, म्हणून फोन ठेवला. तिकडे दूध फार उतू जातं.

५ सप्टेंबर
'तेच तर' म्हणजे काय? दिवसभर डोक्यात तेच. मार्चमध्ये बॅग भरतानाही म्हणाली होती की या घरात माझं एक वाक्य पुरं होत नाही. आरोप चुकीचा आहे. वाक्य कुठे चाललंय हे मला आधीच कळतं, त्याला मी काय करणार?

तरी निश्चय केला. व्हायोलिन रोज ऐकायचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मगच मत. मला हे अवघड नाही. धान्याच्या गोदामात तपासनीस म्हणून जन्म गेला, अजून जातोय. पोत्यात पोकळ सळई खुपसायची, वरचा, मधला, तळाचा नमुना काढायचा, मूठभर दाण्यांवर अख्ख्या ट्रकचा निकाल. संगीतालाही तळ असणारच. ही परत आली की दाखवून देईन, ऐकून घेणारा माणूस कसा असतो ते.

तक्रार मागे घ्यायला गेलो. सेक्रेटरी बाहेरगावी. उद्या बघू.

७ सप्टेंबर
ऐकण्याची खास व्यवस्था केली. पंखा बंद, फ्रिजचं बटण बंद, खुर्ची बरोबर हॉलच्या मध्यभागी. डोळे मिटून ऐकायला बसलो. डोळे उघडले तेव्हा नऊ वाजून गेले होते. फ्रिजमधलं सगळं पाघळलं.
सुरुवात चांगली वाटली. निदान मी जागा होतो तोवर.

१५ सप्टेंबर
आता पूर्ण ऐकतो. उभं राहून. तिसऱ्या ओळीत बाई घसरते, थांबते, खोकते, पुन्हा सुरू करते. काल तिथेच खोकली, परवाही तिथेच. त्या सुरात घशाला काहीतरी होत असावं. चूक झाली की झाडूच्या दांड्याने छताला एकदा टकटक करतो. रागाने नाही, मार्गदर्शन म्हणून. ती न बिचकता पुढे वाजवत राहते. हा गुण घेण्यासारखा आहे.
सेक्रेटरी आलाय म्हणे. जिना उतरून जायचा कंटाळा आला.

२८ सप्टेंबर
सव्वासातला वीज गेली. त्याच क्षणी व्हायोलिनही बंद, अर्ध्या सुरावर. म्हणजे बाईला अंधारात वाजवता येत नाही. पाठांतर कच्चं. वीज आली तसं बरोबर त्याच सुरापासून पुढे सुरू. जिद्द मात्र आहे.

६ ऑक्टोबर
लिफ्टमध्ये वरचे गृहस्थ भेटले. माझ्याच वयाचे, हातात एकाच माणसापुरती भाजी. दोन जणांच्या घरात एवढीशी भाजी? कलावंतांचा आहार कमी असतो. त्यांना म्हटलं, तुमच्याकडे वाजवतात त्यांना सांगा, मनगट जरा सैल ठेवा. ते माझ्याकडे बघत राहिले. मजला आला तेव्हा म्हणाले, सांगतो तिला. सज्जन माणूस. आणखी काही बोलणार होते, पण मला कळलंच होतं, म्हणून मीच 'आभार कसले' म्हणून बाहेर पडलो.

१३ ऑक्टोबर
मनगट सैल झालंय! प्रगती स्पष्ट आहे. तिसऱ्या ओळीत अजून घसरते, पण आता विचारपूर्वक घसरते. खोकलाही सौम्य झालाय.
संगीतावर मत द्यायला किती ऐकावं लागतं, याचं उत्तर मला मिळत चाललंय. पाच मिनिटांत मत देणाऱ्या लोकांची कीव येते.

१९ ऑक्टोबर, रविवार
हिला फोन. प्रगतीचं सांगितलं. ती बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, कुणाचं तरी शेवटपर्यंत ऐकताय, चांगलं आहे की. आवाज हसरा होता. मी विचारलं, मग कधी येतेस? म्हणाली, बघू. याआधी 'बघू' सुद्धा म्हणत नव्हती. तिच्या कपाटावरची धूळ पुसली. तिची उशी उन्हात टाकली.

२ नोव्हेंबर, रविवार
सकाळपासून सात वाजण्याची वाट बघत होतो. रविवार लांबतो. दुपारी स्वतःशीच मोठ्याने बोलून बघितलं, आवाज बसलाय का ते तपासायला. शुक्रवारी संध्याकाळी गोदामातून निघाल्यापासून कुणाशी बोललो नव्हतो. आवाज ठीक आहे.
सातला व्हायोलिन सुरू झालं आणि बरं वाटलं. खरं लिहायचं तर फार बरं वाटलं.

११ नोव्हेंबर
आज कमाल. लय संथ, सूर किंचित खालचा. वाजवण्यात ठहराव आलाय. ही समज वयाने येते, पण बाईला माझ्या मार्गदर्शनाने दोन महिन्यांत आली. निकाल द्यायची वेळ जवळ आली आहे. वर जाऊन तोंडी देईन. बिस्किटांचा चांगला डबा आणायचा.

१७ नोव्हेंबर
वरून काही नाही. कालही नव्हतं. निकाल जवळ आल्याची चाहूल लागून दडपण आलं असेल.

१९ नोव्हेंबर
आजही नाही. पंखा बंद करून बसलो. फ्रिज बंद करून बसलो. शेवटी घड्याळाचा सेल काढला. तरी नाही.

जिन्यात सेक्रेटरी भेटला. मोठ्या अभिमानाने म्हणाला, काका, तुमची तक्रार मार्गी लावली, कमिटीची मीटिंग अडली होती म्हणून उशीर झाला, पण वरच्यांना समज दिली, आता त्रास नाही ना? मी म्हटलं, मागे घ्यायची होती. तो म्हणाला, आता कशाला, काम झालं की.
दिरंगाई करणाऱ्या लोकांनी ती शेवटपर्यंत तरी करावी.

२० नोव्हेंबर
बिस्किटांचा डबा घेऊन वर गेलो. गृहस्थांनी दार उघडलं. गळ्यात हेडफोन, त्याची वायर टेबलावरच्या जुन्या टेपरेकॉर्डरपर्यंत. मी बसलो आणि निकाल दिला. सुरुवातीचा कच्चेपणा, मग सैल झालेलं मनगट, मग ठहराव. एकूण प्रगती उल्लेखनीय. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. पूर्ण ऐकून घेतलं.

मग म्हणाले, ही टेप आहे. बायको सराव करताना तिनेच भरून ठेवली होती. ती जाऊन दोन वर्षं झाली. टेप एकच आहे. रोज तीच लावतो.
मी ठहरावाचं विचारलं. म्हणाले, मशीनचा पट्टा सैल झालाय, आवाज ओढला जातो.
मनगटाचं विचारलं नाही. तेच म्हणाले, तुमचा निरोप मी तिला सांगितला होता. भिंतीवर फोटो होता. मी डब्याकडे बघत राहिलो.

पुढे म्हणाले, खालून कुणाची तरी तक्रार आली, बरोबरच आहे, रोज रोज कोण ऐकणार. मी म्हटलं, लोकांना हल्ली धीर नाही.

मग त्यांनी विचारलं, मला संगीतातलं कळत नाही, ती वाजवायला बसली की मी फिरायला निघून जायचो. तुम्ही इतकं ऐकलंत. खरं सांगा, ती बरी वाजवायची का?

दोन महिने मी याच प्रश्नाचं उत्तर तयार करत होतो. नमुना अजून पुरेसा नाही, असं काहीतरी म्हणालो. ट्रकवाल्यांना म्हणतो तसं. उठलो आणि खाली आलो. डबा हातातच राहिला.

२३ नोव्हेंबर, रविवार
हिला सगळं सांगितलं. तक्रारीचंही. अक्षर न गाळता. दूध उतू गेलं नाही. तिने विचारलं, त्या बाईंना काय झालं होतं?
विचारलं नाही.
त्यांना मुलंबाळं?
विचारलं नाही.
त्या गृहस्थांचं नाव काय?
नावाची पाटी दारावर असेल. बघितली नाही.
ती म्हणाली, बरं. आणि मग म्हणाली की थंडीचं ती तिकडेच राहील, आणि नंतरचं नंतर. मी म्हटलं, म्हणजे तुला म्हणायचंय की... ती म्हणाली, हो, तेच म्हणायचंय. या खेपेला वाक्य कुठे चाललंय ते मला खरंच कळलं होतं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

२ डिसेंबर
संध्याकाळी सात. वर शांतता. ते आता हेडफोन लावून ऐकत असणार. मला अख्खी टेप पाठ आहे. खुर्चीत बसून मनातल्या मनात सुरू केली. तिसऱ्या ओळीपर्यंत आलो, घसरायची जागा आली, खोकला आला. तो खोकला ऐकायची इतकी सवय झाली होती की तिथे मीच खोकलो.

मग ठरवलं. वर जायचं. तक्रार माझी होती हे सांगायचं. हेडफोन काढा म्हणायचं. बाईंचं विचारायचं, आणि मध्ये बोलायचं नाही. शेवटी सांगायचं की ती बरी वाजवायची की नाही ते मला ठाऊक नाही, पण सात वाजले की मला ती हवी असते.

बिस्किटांचा डबा घेतला. पाटीवरचं नाव वाचलं. बेल वाजवली. कुणी आलं नाही. पुन्हा वाजवली. आत दिवा चालू होता. दाराखालून उजेड दिसत होता. हेडफोनमध्ये बेल ऐकू येत नाही.
पायरीवर थोडा वेळ बसलो. दोन बिस्किटं खाल्ली. खाली आलो.
उद्या पुन्हा वाजवून बघावी. दोनदा बेल वाजवून मत बनवणं बरं नाही.